गोचीड सुटत का नाही?

पावसाळा अर्ध्यावर आला की वस्तीवरच्या कुत्र्याच्या कानामागे हात फिरवावा, काहीतरी बोटाला लागतंच. राखाडी, गुळगुळीत, वाटाण्याएवढं. गोचीड! मग ज्याचा त्याचा सल्ला सुरू होतो. एकजण म्हणतो रॉकेलचा बोळा लाव. दुसरा हातातली पेटती बिडी घेऊन पुढे येतो. आजी तंबाखूचं पाणी सुचवते. घर बालाघाटाच्या डोंगराकडचं असेल तर सीताफळाच्या बिया वाटून लावायचा विषय निघतोच. सगळं करून होतं. कुत्रं केकाटतं, हिसका देऊन पळतं आणि बाजेखाली जाऊन बसतं. गोचीड असतो तिथेच असतो.

बीड जिल्ह्यातल्या शेतवस्त्यांवर घर आणि गोठा यांत फारसं अंतर नसतं. गाय, बैलजोडी, चार शेळ्या, अंगणात गावरान कोंबड्या आणि राखणीला कुत्रं, असा सगळा संसार एका पत्र्याच्या आडोशाला. त्यामुळे गोचीड हा एकट्या कुत्र्याचा प्रश्न राहत नाही. या प्रश्नाला दोन टोकं आहेत. एवढा छळ केला तरी तो सुटत का नाही? आणि काल दहा काढले असताना आज पुन्हा दहा आले कुठून? बहुतेक लोक पहिल्या प्रश्नापाशी अडकतात. खरा उपद्रव दुसऱ्यात आहे, पण सुरुवात पहिल्यापासूनच करू.

पायांनी वास घेणारा

गोचीड हा कीटक नव्हे. तो कोळी आणि विंचू यांच्या कुळातला. मोठ्या गोचिडाला 8 पाय असतात, अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला 6. त्याला पंख नाहीत, उडी मारता येत नाही, नजरही नावापुरतीच. तरी कुत्रं नेमकं कुठून जाणार हे त्याला कळतं, ते पुढच्या पायांमुळे. पुढच्या दोन्ही पायांच्या टोकाशी एक बारीक खळगा असतो. हॅलर नावाच्या अभ्यासकाने 1881 मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला हॅलरचं इंद्रिय म्हणतात. जनावराच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब, घामाचा वास हे सगळं गोचीड या खळग्याने ओळखतो.

काही जातींचे गोचीड गवताच्या पात्यावर किंवा भिंतीवर चढून पुढचे पाय पसरून बसतात आणि जनावर घासून गेलं की त्याला चिकटतात. काही मात्र वाट बघत नाहीत. आपल्याकडे गुरांवर सापडणारा, पट्ट्यापट्ट्यांच्या पायांचा हायलोमा जनावराची चाहूल लागली की चक्क त्याच्या दिशेने धावत सुटतो. गोठ्यात खाली बसून धार काढणाऱ्याने हे पाहिलेलं असतं.

अंगावर चढल्यावर तो लगेच चावत नाही. आधी जागा शोधतो. कानाची आतली बाजू, पायाच्या बोटांमधली बेचकी, काख, जांघ, पट्ट्याखालची मान, शेपटीचं बूड, कधी पापणीची कड. कातडी पातळ आणि कुत्र्याचं तोंड किंवा नख पोचायला अवघड, अशी जागा त्याला लागते.

भिंतीतली खुंटी

गोचिडाच्या तोंडाशी दोन बारीक कातऱ्या असतात. त्यांनी कातडी कापत तो भोक पाडतो आणि त्यात एक चपटा दांडा घालतो. या दांड्यावर मागच्या दिशेला वळलेले दातरे असतात. आत जाताना ते आडवे येत नाहीत, बाहेर येताना अडकतात. एवढ्यावर भागत नाही. त्याच्या लाळेतून एक चिकट द्रव सुटतो, तो दांड्याभोवती पसरतो आणि घट्ट होतो. शास्त्रज्ञही त्याला सिमेंटच म्हणतात.

गोठ्याच्या भिंतीत खुंटी बसवतात तसंच हे. आधी भोक, मग खुंटी, मग भोवतीच्या फटीत सिमेंट. खुंटी भिंतीला धरून बसलेली नसते, ती बसवलेली असते. आपली गफलत इथेच होते. आपल्याला वाटतं, गोचिडाने दात आवळून धरलंय, जरा त्रास दिला की सोडून देईल. पण चटका बसला म्हणून त्याला पटकन तोंड काढून घेता येत नाही. स्वतःहून सुटायचं तर सिमेंटातून दातरे सोडवत मागे सरकावं लागतं, आणि ते तो पोट भरल्यावर सवडीने करतो.

या खुंटीला आटे नसतात. म्हणून पिळून ती सैल होत नाही. आडवी वाकवली तर मोडते. बाहेरच्या दिशेने सरळ ओढली तर निघते.

कुत्र्यावर सर्रास सापडणारा तपकिरी गोचीड आखूड तोंडाचा असतो. त्याची भिस्त दातऱ्यांपेक्षा सिमेंटवर जास्त. म्हणून तो नीट ओढला तर बहुधा अख्खा निघतो आणि त्याच्या तोंडाशी पांढुरका कण चिकटलेला दिसतो. तो कण म्हणजे सुकलेलं सिमेंट आणि कातडीचा पापुद्रा. हायलोमाचं तोंड लांब. गायीच्या कासेजवळ रुतलेला हायलोमा ओढताना जास्त वेळ आणि जास्त धीर लागतो.

‘डोकं आत राहिलं, आता ते पुन्हा वाढणार’ ही भीती मात्र सोडून द्यावी. गोचिडाला वेगळं डोकंच नसतं. त्याचा मेंदू धडात असतो. आत राहतो तो तोंडाचा तुकडा, आणि त्यापासून नवा गोचीड होत नाही.

रक्त घेतो, पाणी परत करतो

मादी गोचीड साधारण आठवडाभर, कधी त्याहूनही जास्त दिवस एकाच जागी रक्त पीत बसते. पहिले काही दिवस ती फारशी फुगत नाही. शेवटच्या दिवसभरात भराभर पिते आणि मूळ वजनाच्या शंभरपटीपर्यंत जाते. नर इतका फुगत नाही, कारण त्याच्या सगळ्या पाठीवर कडक ढाल असते. मादीची ढाल पुढच्या भागापुरती, मागचं अंग ताणलं जाणारं. फुगलेल्या मादीला नीट निरखलं तर पुढच्या टोकाला ती छोटीशी तपकिरी ढाल दिसते, आणि बऱ्याचदा तिच्या बाजूला चपटा नरही चिकटलेला असतो. एक काढून समाधान मानू नये ते यासाठी.

एवढं रक्त त्या इवल्या अंगात मावणार कसं? रक्तात बहुतांश पाणी असतं. मादी त्यातलं पौष्टिक तेवढं ठेवते आणि जास्तीचं पाणी लाळेवाटे पुन्हा त्याच जखमेत सोडते. म्हणजे रक्त आत, लाळ बाहेर, पुन्हा रक्त आत, असा फेरा सतत चालू असतो. या लाळेत रक्त गोठू न देणारे, दुखू न देणारे आणि जनावराच्या अंगची प्रतिकारशक्ती तेवढ्या जागी मंद करणारे पदार्थ असतात. कुत्र्याला दिवसचे दिवस पत्ता लागत नाही तो त्यामुळेच. गोचिडाच्या अंगात तापाचे जंतू असतील तर तेही याच लाळेतून आत जातात.

आता रॉकेलच्या बोळ्याकडे परत जाऊ. लाळ आणि रक्ताची ये-जा चालू असलेल्या या प्राण्याला आपण डिवचतो, भाजतो, दाबतो. तो सुटत तर नाहीच, उलट लाळ आणि पोटातला ऐवज जखमेत उलटा जायचा धोका वाढतो.

घरचे उपाय तपासले तेव्हा

हे उपाय आपल्याकडेच आहेत असं नाही. अमेरिकेतही पिढ्यान्‌पिढ्या पेटती काडी, व्हॅसलिन, नखांचं पॉलिश आणि स्पिरिट वापरत. ग्लेन नीडहॅम या गोचीड-अभ्यासकाने हे चारही उपाय एकेक करून तपासले आणि 1985 मध्ये निष्कर्ष छापले. एकाही उपायाने गोचीड सुटला नाही. कामाला आला तो पाचवा उपाय, कातडीलगत धरून सरळ ओढणं.

व्हॅसलिन किंवा तेल लावण्यामागे कल्पना अशी की गोचिडाचा श्वास कोंडेल. पण त्याची श्वासाची छिद्रं मागच्या पायांपाशी, पोटाच्या कडेला असतात आणि तो तासाभरात मोजक्याच वेळा श्वास घेतो. त्याला कोंडून मारायला बसलो तर आपलाच धीर आधी सुटेल.

रॉकेलने कुत्र्याची कातडी भाजते. ते अंग चाटतं, रॉकेल पोटात जातं, ओकारी आली की फुप्फुसात उतरतं, आणि मग गोचिडापेक्षा मोठं दुखणं मागे लागतं. बिडीच्या चटक्याने केस जळतात, कातडी पोळते आणि चटका देणाऱ्याला कुत्रं चावतं. कुत्र्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

सीताफळाच्या बियांचं प्रकरण जरा वेगळं आहे. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि धारूरच्या घाटात हंगामात बियांना तोटा नसतो. या बियांत कीटकनाशक गुण खरोखर आहे. त्यांतली रसायनं पेशींना ऊर्जा मिळायची वाटच अडवतात, त्यामुळे उवा मरतात हे जुन्या बायकांना ठाऊक होतं. पण जी पूड उवेला मारते ती डोळ्याला सोडत नाही. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात जाऊन बुबुळाला जखमा झालेले रुग्ण आपल्या देशातल्या नेत्रतज्ज्ञांनी पाहिलेले आहेत. कानामागे लावलेला लेप कुत्रं पायाने खाजवतं, तोच पाय डोळ्यावर फिरतो, आणि बाकीचा लेप चाटून पोटात जातो. उपाय गावठी म्हणून निरुपद्रवी, असं गणित मांडता येत नाही.

मग काढायचा कसा

साधन साधंच आहे. बारीक टोकाचा चिमटा. बाभळीचा काटा काढायला घरात जो ठेवलेला असतो तो चालतो, मात्र टोकं एकमेकांवर नीट बसली पाहिजेत. रुंद, चपट्या तोंडाचा चिमटा गोचिडाचं पोट दाबतो, तो नको. पशुऔषधांच्या दुकानात बेचकीच्या आकाराचा गोचीड काढायचा आकडाही मिळतो. तो कातडीलगत सरकवून हलकेच फिरवत उचलायचा असतो. साध्या चिमट्याने मात्र पिळायचं नाही.

हातात रबरी मोजे घालावेत, नसतील तर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी. उजेडाला बसावं. घरच्या ओळखीच्या माणसाने कुत्र्याचं तोंड आपल्याकडे वळवून धरावं, अधूनमधून भाकरीचा तुकडा द्यावा. चावरं असेल तर तोंडाला मऊ कापडाची पट्टी सैलसर बांधावी, पण धाप लागलेल्या कुत्र्याला नाही. मांजर असेल तर टॉवेलात गुंडाळून, लागतं तेवढंच अंग उघडं ठेवावं.

आता केस दोन्ही बाजूंना सारून खात्री करून घ्यायची, की हा गोचीडच आहे. हे वाक्य उगाच लिहिलेलं नाही. कुत्र्याच्या पोटाशी, नराच्यासुद्धा, दोन रांगांत स्तनाग्रं असतात आणि ती गोचीड समजून ओढणारे लोक असतात. चामखिळीचीही तीच गत. कडेला पाय दिसले तर गोचीड. दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर तसंच काही दिसलं तर हात आवरावा.

चिमट्याची टोकं कातडीला टेकतील इतकी खाली न्यायची. फुगलेलं पोट धरायचं नाही, तोंड जिथे कातडीत शिरलंय तिथे धरायचं. आणि मग हिसका न देता, एकसारखा जोर ठेवत बाहेरच्या दिशेने सरळ ओढायचं. कातडी थोडी वर उचलली जाते, तंबूसारखी उभी राहते. नवखा माणूस इथे घाबरून सोडून देतो. सोडायचं नाही, जोर वाढवायचाही नाही, तसाच धरून ठेवायचा. काही क्षणांत सिमेंट सुटतं आणि गोचीड हातात येतो. तो अख्खा असेल तर चिमट्यात त्याचे पाय वळवळताना दिसतात.

तोंडाचा तुकडा आत राहिलाच तर सुईने उकरत बसू नये. वरचेवर दिसत असेल तर चिमट्याने उचलावा, नाहीतर राहू द्यावा. कातडी तो काही दिवसांत स्वतःच बाहेर टाकते. उकरल्याने होणारी जखम त्या तुकड्यापेक्षा जास्त चिघळते. जागा साबणाने धुऊन पोव्हिडोन आयोडीन लावावं. तिथे छोटी गाठ आठवडाभर राहू शकते. ती वाढत गेली, पू धरला किंवा कुत्रं ती जागा सारखी चाटू लागलं तर दवाखाना गाठावा.

| चौकट : चिमटा हातात घेण्याआधी |
|---|
| धरायचं कातडीलगत, पोटाला नाही. ओढायचं सरळ आणि सावकाश. पिळणं, हिसका, चटका, रॉकेल, तेल, चुना यांतलं काही नको. नखांनी चिरडायचा नाही. काढलेला गोचीड झाकणाच्या बाटलीत, स्पिरिटमध्ये टाकायचा. जखमेला आयोडीन, हाताला साबण. तारीख कुठेतरी लिहून ठेवायची आणि पुढचे दोन-तीन आठवडे कुत्र्याच्या खाण्याकडे, उत्साहाकडे लक्ष ठेवायचं. |

काढलेला गोचीड अंगणात फेकणं ही पुढच्या हंगामाची पेरणीच. फुगलेली मादी त्या क्षणी अंडी घालायला मोकळी झालेली असते. दोन बोटांत किंवा दगडावर चिरडण्याची सवय त्याहून वाईट, कारण तिच्या पोटातलं रक्त आणि जंतू बोटावरच्या बारीक चिरेतून आपल्या अंगात जाऊ शकतात. झाकणाच्या छोट्या बाटलीत स्पिरिट ठेवावं आणि एकेक त्यात टाकावा. नुसत्या पाण्यात तो लवकर मरत नाही. स्पिरिट नसेल तर रॉकेल चालेल. रॉकेलची जागा ही, बाटलीत.

काल दहा, आज दहा

कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड जन्मभरात तीनदा जेवतो आणि प्रत्येक जेवणानंतर खाली उतरतो. अंड्यातून निघालेलं सहा पायांचं पिल्लू राईच्या दाण्याहून लहान. ते कुत्र्यावर चढतं, काही दिवस रक्त पितं, गळून पडतं, फटीत बसून कात टाकतं आणि आठ पायांचं होतं. पुन्हा चढतं, पितं, पडतं, कात टाकतं आणि प्रौढ होतं. तिसऱ्यांदा चढल्यावर मादी फुगते, उतरते, भिंतीच्या फटीत 4,000 पर्यंत अंडी घालते आणि मरते. उबदार हवेत हा सगळा फेरा दोन-अडीच महिन्यांत उरकतो. खायला मिळालं नाही तर प्रौढ गोचीड महिनोन्‌महिने उपाशी तग धरतो.

म्हणजे कोणत्याही एका दिवशी कुत्र्याच्या अंगावर जे दिसतात ते थोडे. बाकीचे भिंतीत, दगडांच्या सांध्यात, दाराच्या चौकटीमागे, पोत्यांच्या थप्पीखाली कात टाकत नाहीतर वाट बघत बसलेले असतात. या जातीला वर चढायची खोड असते, त्यामुळे ते जमिनीपेक्षा भिंतीच्या वरच्या भागात आणि छताच्या कडेला सापडतात. आपण अंगण झाडतो, शेण सारवतो, आणि ते डोक्यावर बसलेले असतात. काल दहा काढले, आज दहा आले, ते इथून आले.

गुरांवरच्या नेहमीच्या निळसर गोचिडाची तऱ्हा निराळी. तो एकदा जनावरावर चढला की तिन्ही अवस्था तिथेच काढतो. साधारण तीन आठवड्यांनी फुगलेली मादी खाली पडते आणि 2,000 ते 3,000 अंडी घालते. तेव्हा गायीच्या बाबतीत औषध अंगावर जास्त उपयोगी पडतं, आणि कुत्र्याच्या बाबतीत अंगाइतकीच भिंत महत्त्वाची. एकाच गोठ्यात दोन्ही असतील तर दोन्ही आघाड्या सांभाळाव्या लागतात. हे लक्षात न घेता ‘औषध मारून बघितलं, काही फरक नाही’ म्हणणारे बरेच भेटतात.

फटी सिमेंटने किंवा चिखलाने बुजवाव्यात, भिंतीला चुना द्यावा, कुत्र्याच्या अंथरुणाचं पोतं उकळत्या पाण्यात टाकून कडक उन्हात वाळवावं. काही शेतकरी गॅसच्या ज्योतीने भिंतीच्या फटी जाळून घेतात. उपाय चांगला, पण कडब्याची गंजी आणि पाचट जवळ असेल तर नको. गावरान कोंबड्या गोचीड वेचून खातात, गाईच्या मागे फिरणारे बगळेही खातात. मात्र गोठ्यात औषध फवारलं असेल त्या दिवशी कोंबड्या कोंडून ठेवाव्यात, नाहीतर औषध लागलेले गोचीड त्यांच्या पोटात जातील.

औषध कोणतं आणि कोणाला

कुत्र्यासाठी मानेवर टाकायचे थेंब, पट्टे, आणि महिन्याला किंवा तीन महिन्यांना एकदा द्यायच्या चघळायच्या गोळ्या मिळतात. गोळीचं औषध रक्तात असतं, त्यामुळे गोचीड चावल्यावरच मरतो. गोळी दिल्यानंतरही अंगावर वाळलेला गोचीड सापडला तर औषध फसलं असं समजू नये, ते लागू पडल्याची ती खूण असते.

इथे काही गोष्टी कडकपणे सांगाव्या लागतात. पर्मेथ्रिन असलेलं कुत्र्याचं औषध मांजराला लावू नये. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही, झटके येऊन ते मरू शकतं. गाईसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिन अंदाजाने कुत्र्याला टोचू नये. काही जातींच्या कुत्र्यांच्या मेंदूवर त्याचा घातक परिणाम होतो. आणि कापसावर मारून उरलेलं औषध पाण्यात कालवून जनावराच्या अंगावर ओतणं तर मुळीच नको. ते पिकासाठी बनवलेलं असतं, कातडीतून आत जातं, आणि गाय असेल तर दुधातही उतरू शकतं. जनावरांसाठीचं औषध लावल्यावरसुद्धा किती दिवस दूध वापरू नये हे बाटलीवर लिहिलेलं असतं, ते वाचून घ्यावं किंवा डॉक्टरांना विचारावं.

गोचिडामागून येणारा ताप

कुत्र्यात दोन ताप मुख्य. एर्लिकिया हा जंतू रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी कमी करतो. कुत्रं मलूल होतं, ताप येतो, नाकातून रक्त येऊ शकतं. गोचीड चिकटल्यापासून काही तासांतच हा जंतू आत जाऊ शकतो, म्हणून काढायला रविवारची वाट बघू नये. बबेसिया तांबड्या पेशी फोडतो. हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी काळपट होते. तिसरा, हेपॅटोझून, याची वाट अजब आहे. तो चाव्याने जात नाही. कुत्र्याने स्वतःचा गोचीड दातांनी काढून गिळला की पोटातून अंगात शिरतो. कुत्रं स्वतःच वेचून खातंय म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

गुरांतला गोचीडताप, म्हणजे थायलेरिया, हायलोमामुळे पसरतो. ताप चढतो, कानाखाली आणि खांद्यापुढे गाठी येतात, दूध आटतं. गावठी गाय तो बराच सोसते, संकरित होल्स्टीन आणि जर्सी मात्र झपाट्याने खचतात. यावर बुपार्वाक्वोन हे औषध आहे आणि संकरित वासरांसाठी लसही आहे. रक्ताचा नमुना काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की बहुतेक वेळा निदान होतं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावं. गुंतागुंतीचं असेल तर शेजारच्या परभणीला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. फिरत्या दवाखान्यासाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे.

माणसाचं काय? कुत्र्याचा तपकिरी गोचीड माणसाला क्वचितच चावतो, पण चावला तर ताप आणि पुरळ येणारा टिक टायफस होऊ शकतो. 2011 च्या जानेवारीत गुजरातमध्ये काँगो ताप देशात पहिल्यांदा निश्चित झाला. निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केलं होतं, आणि रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर व परिचारिकाही त्यात दगावले. हा विषाणू हायलोमातून येतो, आणि गोचीड हाताने चिरडल्यानेही लागू शकतो. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात 2016 मध्ये आलेला माकडताप मात्र जंगलातल्या वेगळ्या गोचिडाचा. त्याची धास्ती बीडच्या माळावर घ्यायचं कारण नाही. गोचीड चावल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ‘गोचीड चावला होता’ हे आपणहून सांगावं. ते सहसा विचारत नाहीत.

कारखान्यावरून परतताना

जिल्ह्यातली हजारो कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला कोयते घेऊन ऊसतोडीला निघतात. सांगली, कोल्हापूर, पुणे, कर्नाटक. बैलगाडीवाले बैल नेतात आणि पुष्कळदा कुत्रंही गाडीमागे जातं. कारखान्याच्या अड्ड्यावर मजुरांच्या झोपड्या, कोपीला कोपी लागून असते, चार तालुक्यांचे बैल एका ओळीत बांधलेले, पाचटाचे ढीग शेजारी. गोचिडाला एका अंगावरून उतरून दुसरं अंग शोधायला तिथे पावलाचंही अंतर पडत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की हे सगळं परत गावी येतं आणि बैल थेट जुन्या दावणीला बांधले जातात, घरी राहिलेल्या गायीच्या शेजारी.

आल्या दिवशी बैलाच्या अंगावरून हात फिरवला आणि काही लागलं नाही म्हणून भागत नाही. पिल्लू तेव्हा डोळ्याला दिसतच नसतं. तेच तीन आठवड्यांनी फुगलेली मादी होऊन घरच्या गोठ्यात पडतं. म्हणून परतलेली जनावरं आणि कुत्री आधी वेगळ्या जागी, झाडाखाली किंवा बांधावर बांधावीत. डॉक्टरांना विचारून आल्या आल्या औषध द्यावं, आणि ते पुन्हा किती दिवसांनी द्यायचं ते तेव्हाच लिहून घ्यावं. कोपीत वापरलेली पोती, झुली आणि दावी गोठ्यात नेण्याआधी उकळत्या पाण्यातून काढावीत. एप्रिलचं ऊन तर फुकट आहे.